ज्याचा भार, त्याची स्प्रिंग

मोटारसायकल विकत घेताना आपण दुकानदाराला दोन-तीन प्रश्न हमखास विचारतो. किंमत किती, अ‍ॅव्हरेज किती, सर्व्हिसिंगची सोय कुठे? रंगाचा निर्णय बहुधा घरातील मुलेच घेतात. परंतु ‘हिच्यावर बसणाऱ्या माणसाचे वजन किती?’ हा प्रश्न ना गिऱ्हाईक विचारते, ना दुकानदार. चप्पल घेताना आपण ती पायात घालून पाहतो, चष्मा घेताना डोळे तपासून घेतो. ज्या वाहनावर आपला पाठीचा कणा आणि मागे बसलेल्या माणसाचा जीव सोपवायचा, ते मात्र सर्वांसाठी एकाच मापाचे घेतो.

यात कारखानदाराचाही फारसा इलाज नसतो. आपल्या मराठवाड्यातच, वाळूज येथे, बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे. दुचाकींचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बनवणारी एंड्युरन्स ही कंपनीही त्याच परिसरात वाढली. लाखो गाड्या बनवायच्या म्हटल्यावर एक सरासरी माणूस डोळ्यांपुढे धरूनच स्प्रिंग ठरवावी लागते. तो सरासरी माणूस मुरुडच्या आठवडे बाजारात मला अद्याप भेटलेला नाही. येथे एका गाडीवर सडसडीत विद्यार्थी असतो, दुसरीवर नवरा-बायको आणि दोन लेकरे, तिसरीवर दुधाचे कॅन, तर चौथीवर सोयाबीनचे पोते. रस्त्याचे म्हणाल, तर आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या पाठीवरचा डांबरी रस्ताही मग लाटांसारखा वरखाली होतो.

या विषयाकडे मी वळलो तो आईमुळे. आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे दोघे. दादा नव्वद किलोचा, धिप्पाड. शेतातला माल गाडीवर लादून वेगाने जाणारा. मी छप्पन्न किलोचा. माझ्या मागे बहुधा आई, वजन चव्वेचाळीस. दोन पोती लादली की मागची बाजू खाली बसून मडगार्डला चाक घासते, म्हणून दादाने मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलून जाड तारेच्या बसवून घेतल्या. त्याचे काम झाले. त्याच सुमारास लातूरच्या डॉक्टरांनी आईची हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले आणि पाठीला धक्का बसू देऊ नका, असे बजावले. दोन-तीन फेऱ्यांनंतर आईने गाडीवर बसणेच सोडले. व्यायामोपचार बंद पडले, रविवारची मिस्साही चुकू लागली. ‘‘नको बाबा, मी घरीच जपमाळ करते,’’ ती म्हणाली, ‘‘त्या गाडीवर बसलं की एकेक मणका मोजता येतो.’’

पेठेतल्या वयोवृद्ध मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलेदेखील नाही. ‘‘आधी वजन करून या. तुमचं, अम्मांचं आणि दादांचं,’’ म्हणाले. शेजारच्या अडतीवर, जिथे सोयाबीन तोलतात त्याच काट्यावर आम्ही उभे राहिलो. मग चाचांनी टेप काढली. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी केले आणि चाकाच्या आसापासून वरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घेतले. दुसऱ्यांदा गाडी चाकांवर उभी करून, तिसऱ्यांदा आम्ही दोघे बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातील फरक म्हणजे भाराने गाडी किती बसली ते. चाकाला वरखाली होण्यास जेवढी जागा असते, तिचा सुमारे तिसरा हिस्सा भाराने खर्ची पडावा, असा ढोबळ नियम आहे. उरलेले दोन हिस्से उंचवट्यांसाठी. आणि जो एक हिस्सा बसला, तोही वाया जात नाही. खड्डा आला की चाक तेवढे खाली उतरून जमीन धरून ठेवते. आमच्या गाडीत जागा नव्वद मिलिमीटर. म्हणजे तीस बसायला हवे होते. बसले बारा.

मी म्हणालो, ‘‘रिंग सैल करून पाहू.’’ शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या बुडाशी पाच टप्प्यांची जी रिंग असते, ती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. चाचांनी ती पाचव्या टप्प्यावरून पहिल्यावर आणली. माप सतरावर गेले आणि तिथेच थांबले. रिंगने स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही, फक्त तिची बैठक बदलते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडलेला नियम साधा आहे: जेवढा भार, त्या प्रमाणात दाब. हे प्रमाण प्रत्येक स्प्रिंगचे ठरलेले असते. ते तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर अवलंबून असते. त्यातही तारेची जाडी सर्वांत प्रभावी, कारण तिचा परिणाम चौथ्या घाताने होतो. सात मिलिमीटरऐवजी आठ मिलिमीटरची तार घेतली, तर दिसायला फरक नखाएवढा, पण स्प्रिंग सुमारे सत्तर टक्क्यांनी कडक होते. दादाने एक मिलिमीटर वाढवला होता. आईच्या पाठीवर तो असा येऊन पडला होता.

स्प्रिंग योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची आणखी एक खूण चाचांनी सांगितली. रिंग फिरवून माणसांसह बसण्याचे माप जुळवून घ्यावे, मग उतरून नुसती गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते ते पाहावे. पाच-दहा मिलिमीटर बसली तर ठीक. मुळीच बसत नसेल, तर स्प्रिंग त्या माणसांसाठी मऊ आहे आणि रिंगने तिला उगाच ताणून धरले आहे. फारच बसत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. प्रथम हे उलटे वाटते. पण कागदावर आकडे मांडले की पटते.

भार किती यापेक्षा तो कोठे पडतो, हेही पाहावे लागते. चालकाचे वजन दोन्ही चाकांत विभागते. निम्म्याहून थोडे अधिक मागे जाते. मागे बसणाऱ्याचे मात्र जवळजवळ सगळेच मागच्या चाकावर येते. त्यामुळे माझा आणि आईचा मिळून मागच्या स्प्रिंगवर पडणारा भार एकट्या धिप्पाड दादापेक्षा जास्त होता! खरा भार दादाचा नव्हताच. तो पोत्यांचा होता. आमच्या भागाला हा विचार तसा जुना आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धावे. तिचे शिल्पकार एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवून तो सर्व आसांवर सारखा वाटला. म्हणून हलक्या रुळांवरूनही जड माल वाहता आला. २००८ पर्यंत त्या मार्गावर रुंद रूळ आले, पण भार वाटून घेण्याचा तो धडा जुना होत नाही.

चालवण्याची रीतही महत्त्वाची. जो तरुण वेगाने जातो आणि करकचून ब्रेक लावतो, त्याच्या गाडीचा भार क्षणात पुढे येतो, फोर्क खाली बुडतो; त्याला पुढे थोडी कडक स्प्रिंग मानवते. जो सावकाश, खड्डे चुकवीत जातो, त्याला तीच स्प्रिंग हातांना मुंग्या आणते. अति मऊ स्प्रिंगचे दोषही लहान नाहीत. मागची बाजू बसली की दिव्याचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग तळाला टेकून हाडापर्यंत दणका देते. स्प्रिंगा कापणे किंवा वेढ्यांत टायरचे तुकडे कोंबणे हे उपाय तर टाळावेतच. शिवाय स्प्रिंग फक्त भार पेलते. तिची उसळी आवरण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधील तेल करते. सीट दाबून सोडली की गाडीने एकदा वर येऊन थांबावे. ती दोन-तीनदा डोलली तर तेल संपले, असे समजावे. मूळ स्प्रिंगसाठी बेतलेले तेल जाड स्प्रिंगला आवरू शकत नाही, आणि मग चाक चेंडूसारखे उसळून जमीन सोडते. ब्रेक लावताना तसे झाले, तर जिवावर बेतते.

घरी आल्यावर मी दादाला आकडे दाखवले. तो म्हणाला, ‘‘पोती काय डोक्यावर नेऊ? टेम्पोचं भाडं कोण देणार?’’ त्याचेही खोटे नव्हते. दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच चाचांकडे जाऊन मूळ स्प्रिंगा बसवून आला. दुसऱ्या टप्प्यावर आम्हा दोघांचे माप एकोणतीस आले. आता गाडीवर एका वेळी एकच पोते जाते आणि तेव्हा रिंग पाचव्या टप्प्यावर असते. माल जास्त असला, तर शेजाऱ्यांबरोबर टेम्पो वाटून घेतो. संध्याकाळी पोते उतरले की रिंग पुन्हा दुसऱ्यावर आणायची, हा घराचा नियम झाला आहे. त्यासाठीचा हुकाचा पाना दाराशी खिळ्याला टांगलेला असतो.

जाणकारांची भाषा आईला ठाऊक नाही. पण परवा लातूरच्या वाटेवर पहिलाच उंचवटा ओलांडताच ती मागून म्हणाली, ‘‘थांब रे. दादा काल रिंग फिरवायला विसरला वाटतं.’’ मी उतरून पाहिले. रिंग पाचव्या टप्प्यावर होती.