'आपण' की 'तो'?

एकदा मिळालेलं तारण पुन्हा हातातून जाऊ शकतं का? सगळं माहीत असून, जाणूनबुजून केलेल्या पापाला क्षमा असते का? हे प्रश्न पाळकसाहेबांच्या अभ्यासवर्गातले वाटतील. पण यावरून आमच्या नात्यातल्या दोन घरांचं बोलणं बंद झालंय, म्हणून आज लिहायला बसले. त्या दोन्ही घरचे लोक हे वाचतात, हे मला माहीत आहे.

आमचे एक वडीलधारे वारले. मी त्यांना दादा म्हणायची. तरुणपणी ते कल्याणला रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे, गाणी बसवायचे. पुढे दारू लागली. कितीदा सोडली, कितीदा धरली, मोजदाद नाही. उपासनेला येणं हळूहळू थांबलं. मातीहून परतल्यावर चहा घेताना एक जण म्हणाले, "अज्ञानी माणसाचं ठीक आहे. यांना सगळं शास्त्र पाठ होतं, तरी केलं. इब्री लोकांस पत्रातला दहावा अध्याय काढा." त्यावर दुसऱ्या घरचा तरुण मुलगा म्हणाला, "एकदा तारण झालं की झालं, काका. ते जात नाही." शब्दाला शब्द वाढला. आत वहिनी बसल्या होत्या. नंतर त्यांनी मला एवढंच विचारलं, "अगं, मग हे आत्ता कुठे असतील?"

मंडळी, खरा प्रश्न हा आहे. बाकी सगळा वाद.

वादातल्या दोन्ही बाजूंना मोठी परंपरा आहे, हे आधी सांगते. कॅल्विनच्या अनुयायांनी १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेत ठरवलं, की देवानं ज्याला खरोखर धरलं त्याला तो शेवटपर्यंत सोडत नाही. माणूस पडेल, पण कायमचा पडून राहणार नाही. जॉन वेस्लीला हे पटलं नाही. कृपा नाकारण्याची मोकळीक माणसाला शेवटपर्यंत असते, म्हणून सावध राहा, असं त्याचं सांगणं. कॅथलिक शिकवण तिसरीच. तिथे तीन गोष्टी पाहतात: पाप गंभीर आहे का, ते पाप आहे हे पुरतं ठाऊक होतं का, आणि स्वतःच्या मर्जीनं केलं का. तिन्ही असतील तर कृपा गमावली जाते. पण पश्चात्तापानं आणि पापनिवेदनानं ती परत मिळते.

गंमत अशी, की आपल्या मराठी मंडळ्यांत हे सगळे प्रवाह शेजारी-शेजारी नांदले. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशन कॅल्विनच्या वळणाचं. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला तो याच मिशनच्या सहवासात. मेथडिस्ट आले ते वेस्लीची शिकवण घेऊन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि मेथडिस्टांपैकीही काही जण एका छपराखाली आले. या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर ते आजही बाहेर उभे असते! डोंबिवलीकर म्हणून मला वाटतं, आपण तारणाचा विचार लोकलच्या पासासारखा करतो. एक म्हणतो पास जन्मभराचा आहे, दुसरा म्हणतो मुदत संपली, आता टीसी धरणार. पण पास हा कागद आहे. तारण हे नातं आहे.

आता तो दहावा अध्याय. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी व्याकरणावर जाते. अभ्यासक सांगतात, की मूळ ग्रीकमधलं ते रूप चालू काळाचं आहे. 'पाप केलं' असं नव्हे, 'पाप करत राहिलो' असं. मराठी माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. पडणं वेगळं आणि पडूनच राहायचं ठरवणं वेगळं. शिवाय हे पत्र लिहिलंय ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडायच्या बेतात असलेल्या लोकांना. तिथलं जाणूनबुजून केलेलं पाप म्हणजे मुख्यतः त्याच्याकडे पाठ फिरवून चालू लागणं, असं पुष्कळ टीकाकार मानतात. दर वेळी पडून, दर वेळी लाज वाटून, पुन्हा उठायला बघणाऱ्या माणसावर ते वाक्य किती बसतं, याचा विचार करावा.

प्राण वाचवण्यासाठी ख्रिस्ताला नाकारलं तर काय, हा प्रश्न तर जुनाच. आपल्या ठाण्याचं नावही त्यात आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू चीनच्या वाटेवर असताना ठाण्यात उतरले: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री. त्यांना पकडून त्यांच्या श्रद्धेची जबानी घेतली गेली. शब्द फिरवला असता तर ते जगले असते. फिरवला नाही, आणि चौघेही मारले गेले. नंतर ओडोरिक नावाच्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत नेल्या.

पण सगळे असे नसतात. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसनं देवतांपुढे बळी देण्याची सक्ती केली, तेव्हा हजारो ख्रिस्ती घाबरून वाकले. छळ थांबल्यावर ते रडत दाराशी आले. रोममधला नोव्हाशियन म्हणाला, आत घ्यायचं नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि त्यांच्याबरोबरचे म्हणाले, पश्चात्ताप करू देत आणि घेऊ या. चर्चनं ऐकलं ते सिप्रियनचं. ज्या पेत्रानं तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, त्याच्याच हाती मेंढरं सोपवली गेली होती. दुसरं काय ठरवणार?

आणि आपल्या मातीत पाहा ना. मुसलमान झालेल्या नेताजी पालकरांना शिवाजीमहाराजांनी १६७६ मध्ये परत घेतलंच की. परत येणाऱ्याला दार असावं की नसावं, हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी भेटला, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली आपली पापं आठवून मोठमोठ्यानं रडत होत्या. बाप्तिस्मा झालेल्या मुलीही त्यांत होत्या. तुमचं तारण गेलं, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. उलट त्या रडण्यालाच लोकांनी जागृती म्हटलं. 'माझं तारण गेलं असेल का' या भीतीनं ज्याला झोप लागत नाही, त्यानं पाठ फिरवलेली नसते. पाठ फिरवलेला माणूस खुशाल घोरतो.

शेवटचा मुद्दाही व्याकरणाचाच. त्या वचनात 'तो' नाही. तिथे 'आपण' आहे. इंग्रजीतल्या एकाच 'वुई'साठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आपण'मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. लिहिणाऱ्यानं स्वतःला त्या इशाऱ्यात धरलंय. तो जिवंत माणसानं स्वतःसाठी वाचायचा आहे. त्याचा तृतीयपुरुषी एकवचनी प्रयोग करून मेलेल्या माणसावर निकाल द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि तरुण मंडळींनो, 'एकदा झालं की झालं' हेही दुसऱ्याला धीर द्यायला म्हणावं. स्वतःला सूट द्यायला नव्हे.

वहिनींना मी म्हटलं, ज्यानं दादांना रविवारच्या शाळेत शिकवताना पाहिलं, त्यानंच त्यांच्या वाईट रात्रीही पाहिल्या. हिशोब त्याच्याकडे आहे, आणि तो आपल्यापेक्षा दयाळू आहे. याहून जास्त मला सांगता येत नाही.

असो. यंदा नाताळच्या करंज्या माझ्याकडे आहेत. दोन्ही घरांनी यावं. वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण 'आपण' धरून.