परसातली खोली

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या परसातली पत्र्याची खोली बघता बघता गेली. पत्रे शेजाऱ्यांच्या वाडीत सापडले. कुरआन शरीफ आणि रिहाली आदल्या रात्रीच घरात आणून ठेवल्या होत्या, अल्हम्दुलिल्लाह. चटया, फळा, पुस्तकांचं कपाट मात्र चिखलात गेलं. टाळेबंदीमुळे मुली येत नव्हत्या, हीच मोठी मेहरबानी.

ही खोली अम्मींची. मोहल्ल्यातल्या मुलींना त्या असरनंतर नाजरा शिकवायच्या. खरं सांगायचं तर वादळाच्या आधीही ती खोली कामाची नव्हती. एप्रिल-मेमध्ये आत बसवत नसे. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज व्हायचा, की समोरची मुलगी जेर वाचते आहे की जबर, ते अम्मींना कळायचं नाही. त्या ओठांकडे बघून चूक ओळखायच्या. खाऱ्या हवेने चार वर्षांत स्क्रूंची डोकी गंजून गळायला लागली होती. स्वस्त म्हणून बांधली आणि दरवर्षी तिच्यावर खर्च करत राहिलो.

पुन्हा बांधायची तर बारा महिने बसता येईल अशी, आणि रोज उठून जिच्याकडे बघावं लागणार नाही अशी, हे आम्ही दोघांनी ठरवलं. पैशाचं तेवढं ठरत नव्हतं. एका पतसंस्थेतून कर्जाचा फॉर्मही घरी आला. पण व्याजाच्या पैशाने बांधलेल्या खोलीत अल्लाहचं कलाम शिकवायचं, हे आमच्या मनाला पटेना. पगारातून उरेल तेवढंच बांधायचं म्हटलं, तर तीन वर्षं लागणार होती.

अम्मी तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. त्या म्हणाल्या, "बेटा, बांधा सावकाश. पण तीन वर्षांनी मी नसले, तर तिथे भाताची पोती ठेवू नका." त्या रात्री आम्हाला झोप नाही. एकीकडे उसूल, दुसरीकडे अम्मींचं वय. शेवटी फॉर्म परत केला, पण मन खात राहिलं.

पहिल्या वर्षी फक्त जोतं झालं. आमच्या गवंड्यांनी ऐकलं तेव्हा ते उलट खूश झाले. "मास्तर, जोत्याला एक पावसाळा द्या. बसायचं तेवढं बसूदे, मग भिंत घ्या." तसंच झालं. भराव एका कोपऱ्यात दोन बोटं खचला. भिंत उभी असती, तर तिला तडा गेला असता. जोतं अडीच फूट उंच घेतलं, कारण परसात पाणी साचतं, आणि जमिनीची ओल वर चढू नये म्हणून माथ्यावर ओलरोधक थर दिला.

दुसऱ्या वर्षी जांभ्याच्या भिंती. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात हेच पाहून 1807 च्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. (शिक्षकाची सवय, जाता जाता सांगितल्याशिवाय राहवत नाही.) बाहेरून गिलावा केलाच नाही, नुसत्या दरजा भरल्या. गिलावाच नाही, तर पोपडे धरायचा आणि रंग काढायचा प्रश्नच उरला नाही. पण चिरा पाणी पितो. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला पाच फुटांची पडवी काढली आणि छप्पर खाली आणलं. भिंतीवर थेंब येतच नाही, मग ती पिणार काय?

वादळात आमचा जुना फणस पडला होता. त्याच्या फळ्या कापून गोठ्यात, मध्ये पट्ट्या घालून रचल्या होत्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या चांगल्या वाळल्या. दारं, खिडक्या आणि पुस्तकांचे फळे त्याचेच. फणसाला वाळवी सहसा लागत नाही. घाईने बांधलं असतं तर ओलंच लाकूड बसवलं असतं, आणि पहिल्याच पावसात दार चौकटीत अडकलं असतं.

छप्पर मंगलोरी कौलांचं. स्लॅब टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या स्लॅबवर गळती थांबवायला पत्रे चढवलेले आहेत! कौल फुटलं तर एक काढून दुसरं बसवायचं. पन्नास जास्तीची कौलं पडवीत रचून ठेवली आहेत. मे महिन्यात एकदा वर चढून पालापाचोळा काढायचा, बस्स. पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं आणि समोरासमोर खिडक्या घेतल्या.

2023 च्या जूनमध्ये पहिला सबक. बाहेर धो धो पाऊस आणि आत दहा मुलींचा आवाज स्वच्छ. अम्मी चौऱ्याहत्तरच्या होत्या. सगळं मनासारखं झालं होतं, फक्त अम्मी खोलीत पोहोचत नव्हत्या.

जोतं उंच, म्हणून पाच पायऱ्या. तीन वर्षांत त्यांचा उजवा गुडघा गेला होता, आणि आम्ही जांभा, कौलं, ओल, वाळवी, सगळ्याचा विचार केला, त्यांच्या गुडघ्याचा केला नाही. पहिल्या दिवशी दोन मोठ्या मुलींनी हात धरून वर नेलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज घरातच बसते." कुणाला दोष दिला नाही. आम्हाला मात्र घास जाईना.

पावसात काम करू नये म्हणतात, तरी ताडपत्री बांधून उरलेल्या चिऱ्यांचा लांब उतार करून घेतला. फुटाला बारा फूट, म्हणजे तीस फूट उतार. तो विहिरीकडे वळवून घ्यावा लागला, सरळ जागाच नव्हती. एका बाजूला धरायला बांबू. दिसायला काही सुंदर नाही.

आता अम्मी असरनंतर बांबू धरून आपल्या आपण वर जातात, इन्शाअल्लाह पुढेही जातील. उतारावर मात्र पावसाळ्यात शेवाळ धरतं. दर जुम्याच्या सकाळी आम्ही दोघं खराटा आणि चुन्याची पूड घेऊन तो घासतो.