जात्याजवळचें अध्यात्म

अध्यात्म हा शब्द एकच. परंतु ज्याच्या त्याच्या घरीं त्याचा अर्थ निराळा. पालमास आमच्या वडिलांच्या मतें उपनिषदांवरील शांकरभाष्य वाचणें हेंच अध्यात्म. शेजारच्या माळकरी शेतकऱ्यास पंढरीची वारी पुरेशी वाटे. परभणीस तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसास जाणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. नवस फेडून परतणाऱ्यांच्या मुद्रेवरील समाधान तर्कानें खोडतां येत नाहीं.

आईची गणना मात्र यांपैकीं कोणांतच होत नसे. वडील भाष्य वाचीत, तेव्हां ती आंत ओव्या म्हणत दळीत असे. जात्याची घरघर वाढली, कीं वडील मधलें दार लोटून घेत. शास्त्री मंडळींनीं मला उद्धट म्हटलें तरी चालेल, पण दाराच्या आंतल्या बाजूस कांहीं उणें होतें असें मला वाटत नाहीं. पालमाहून जवळच, गोदातीरीं, गंगाखेड आहे. तें जनाबाईचें गांव. पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं दळणकांडण करणाऱ्या त्या दासीनें आपला विठ्ठल जात्यापाशींच बसविला. वडिलांना हें का ठाऊक नव्हतें? एकादशीस जनाबाईचे अभंग ते मोठ्या प्रेमानें म्हणत, आणि द्वादशीस पहांटे पुन्हां दार लोटीत.