निपाणी ते कोल्हापूर, व्हाया हिमोग्लोबिन

मॅरेथॉनची तयारी करते आहे असं सांगितलं की आमच्या भागात दोन प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे किती?" आणि दुसरा, "कशाला?" पहिल्याचं उत्तर मी तयार ठेवलं आहे. निपाणीच्या स्टँडवरून निघायचं, कोगनोळीचा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रात शिरायचं, कागल मागं टाकायचं आणि कोल्हापूर गाठायचं. साधारण तेवढं. ४२.१९५ किलोमीटर म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढं काही येत नाही, पण "कोल्हापूरपर्यंत" म्हटलं की समोरची बाई तोंडावर हात ठेवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. त्यात आमच्याकडं 'धावणं' हा शब्द पुस्तकातला. आम्ही पळतो. त्यामुळं "ड्रायव्हरांची पोरगी रोज पहाटे पळून जाती" हे वाक्य गल्लीत अगदी सहज बोललं गेलं आणि पप्पांना दोन-तीन ठिकाणी खुलासा करावा लागला.

मी शिकायला बेळगावात, कॅम्पातल्या मावशीकडं राहते. जूनमध्ये सुरुवात केली ती टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जून-जुलैत पळणं म्हणजे काय ते सांगायला नको. बूट वाळतच नाहीत. मावशीच्या फ्रिजच्या मागं ते ठेवायचे, सकाळपर्यंत कोमट आणि ओले, दोन्ही. ध्येय जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. आधी कोल्हापुरात एक हाफ मॅरेथॉन पळून झाली होती, त्यामुळं पूर्ण अंतर आवाक्यातलं वाटत होतं. फी भरली होती. पप्पांनी त्या रविवारची रजाही बोलून ठेवली होती.

माझ्या भिंतीवर एकच चिठ्ठी आहे : 'चौगुले, १९२०, १९ वा.' फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही मुलं ऑलिंपिकला जायला हवीत असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यातून १९२० साली अँटवर्पला चार धावपटू आणि दोन पैलवान गेले. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली. मला त्यांचं नावही आवडतं. फडेप्पा, दरेप्पा आणि पुढं चौगुले. बेळगाव कुणाचं यावर आमच्याकडं पिढ्या भांडल्या, आणि या एका माणसाच्या नावात दोन्ही भाषा गुण्यागोविंदानं बसल्या आहेत.

त्याच शर्यतीत आणखी एक भारतीय होता, सदाशिव दातार. शर्यत पुरी न करणाऱ्यांत त्यांची नोंद आहे. चिठ्ठी लिहिली तेव्हा त्यांच्याकडं माझं लक्ष नव्हतं. ते गेलं जुलैच्या शेवटी, पाय दुखायला लागल्यावर.

डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, एका जागी दुखायचं. पळताना आधी दुखायचं नि नंतर थांबायचं, मग आधीही दुखायला लागलं आणि नंतरही, आणि एका रात्री झोपेत कूस बदलताना दुखलं. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ. "काही नाही, मलम लावा." पण नुसत्या बोटानं दाबलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग पप्पांनी बेळगावातल्या दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एमआरआय करायला सांगितला. सुरुवातीला अशी दुखापत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही म्हणे. हाड मोडलं नव्हतं, आतून सुजलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते मला फार आवडलं : हाड हे लाकूड नव्हे, ते जिवंत असतं. भार पडला की त्याची थोडी झीज होते आणि विश्रांतीत ते पुन्हा भरतं, आधीपेक्षा घट्ट. झीज भरण्याच्या पुढं गेली की दुखणं. आता सहा आठवडे पळायचं नाही.

मग त्यांनी विचारलं, "पाळी नियमित येते का?" पप्पा शेजारच्या खुर्चीत होते. ते एकदम भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं पाहू लागले. मी सांगितलं की येते, पण खूप जाते, पहिले तीन दिवस बाहेर पडायची भीती वाटते इतकी. पळणाऱ्या मुलींचं हाड दुखलं की हे विचारावंच लागतं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासून घ्या असं त्यांनी कागदाच्या तळाशी लिहून दिलं. एमआरआयचं बिल बघून ती तपासणी आम्ही पुढच्या महिन्यावर ढकलली. आमच्या घरात खर्च असेच रांगेत उभे असतात.

त्या सहा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त मिळाला तो उपदेश. व्हॉट्सअ‍ॅपवर जोन बेनॉइटची गोष्ट किमान पाच जणांनी पाठवली. १९८४ साली अमेरिकेच्या निवड-चाचणीच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी ती चाचणी जिंकली आणि त्याच वर्षी बायकांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णपदकही. गोष्ट खरी आहे. पण तिच्याखाली लिहिलेलं 'जिद्द सोडू नकोस' वाचून मला राग यायचा. जिद्दीनं हाड भरत असतं तर मी दुसऱ्याच दिवशी मैदानावर असते. आपल्याकडं खेळाच्या बातम्या, भाषणं, शाळेच्या भिंती, सगळीकडं जिद्द आहे, चिकाटी आहे, घाम आहे. मी मात्र भिंतीवर पाय टेकवून छताकडं बघत होते, आणि त्या अवस्थेला कुणाच्या भाषणात जागा नव्हती.

साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळं मी जे करू शकते ते केलं : वाचलं. मॅरेथॉनची मूळ गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ग्रीक दूत लढाईवरून अथेन्सपर्यंत पळत येतो, विजय झाल्याचं सांगतो आणि कोसळून मरतो. गंमत म्हणजे लढाईला सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस, त्याच्याकडं हा मृत्यू नाहीच. त्याचा दूत पळतो तो मदत मागायला स्पार्टाकडं, आणि मरत नाही. मरणारा धावपटू कित्येक शतकांनी, प्लुटार्क आणि लुशियनच्या लेखनात येतो. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्राउनिंगनं त्यावर कविता लिहिली आणि १८९६ च्या ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या भाषेच्या अभ्यासकानं मॅरेथॉनची शर्यत सुचवली. म्हणजे जीव जाईपर्यंत पळण्याची ही कल्पना आली ती लेखकांकडून. आपल्याच लोकांनी केलेला उद्योग! हे मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू लिहीत बस की. पळायला कशाला पायजे?"

सप्टेंबरात परवानगी मिळाली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. व्हॅक्सिन डेपोत रोज येणारे एक निवृत्त काका मला दोनदा मागं टाकून गेले नि प्रत्येक वेळी हात हलवला. नडगी गप्प होती. महिनाअखेरीला मी सलग पाच किलोमीटर पळाले. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू झाला.

डेंग्यूचं वर्णन करत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना होऊन गेला असेल. डोळ्यांच्या मागं दुखणं ही काय चीज आहे ते त्यांना माहीत आहे. प्लेटलेट ५८ हजारांवर आल्या. निपाणीच्या घरी पपईच्या पानांचा ढीग लागला. हिंदू, मुस्लिम, जैन, ख्रिश्चन, सगळ्या शेजाऱ्यांचं एकमत झालेला हा मी पाहिलेला एकमेव विषय. डॉक्टरांनी मात्र फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी सांगितलं. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका असतो. चार दिवस दवाखान्यात होते. ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, पण जिना चढला की छाती धडधडायची. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची मला सवय होती. जूनमध्ये ती ६२ असायची, आता ८४. मग ती रांगेत मागं राहिलेली तपासणी झाली. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. नुसत्या तापानं हे एवढं उतरत नाही, हे जुनं आहे, डॉक्टर म्हणाले.

रिपोर्ट घरी आला तेव्हा मम्मी भाकरी थापत होती. मी मोठ्यानं वाचून दाखवत होते : लवकर दम लागणं, डोकं दुखणं, हातपाय गार पडणं, केस गळणं, कामात लक्ष न लागणं. ती म्हणाली, "हे तर सगळ्याच बायकांचं असतंय की."

मी म्हटलं, "तुझं पण तपासू."

"मला काय झालंय? दमणूक म्हणजे काय रोग व्हय?"

तिला तयार करायला आठ दिवस लागले. शेवटी पप्पा म्हणाले, "बसचं पण दर महिन्याला तेल बघतो आम्ही," आणि ती उठली. तिचं आलं ७.८. माझ्यापेक्षा कमी. हिमोग्लोबिन ७.८ असताना ती पहाटे पाचला उठून पप्पांचा डबा करत होती, मला दवाखान्यात सोबत करत होती, रात्री माझ्या उशाशी बसत होती. मी मैदानाच्या दोन फेऱ्या कमी मारल्या तरी ते माझ्या घड्याळात नोंदलं जायचं. मी पळत होते म्हणून कुणीतरी माझं रक्त तपासायला सांगितलं. ती पळत नव्हती, म्हणून तिला कुणी कधी काही विचारलं नाही. आम्हीही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. हा आकडा मी परीक्षेत लिहिलेला आहे, पाच मार्कांच्या उत्तरात. मम्मी तेव्हा शेजारच्या खोलीत होती.

मुंबईला मी जाणार नाही, हे नोव्हेंबरात ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, पण ठरवलं मी. तांबड्या रक्तपेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. माझा मॅरेथॉनचा मुख्य प्लॅन १६ आठवड्यांचा, म्हणजे ११२ दिवसांचा होता. रक्त भरायला लागतं तेवढंच लागतं, त्याला घाई करता येत नाही. पप्पांना फोनवर सांगताना माझा आवाज गेला. त्यांनी रजेबद्दल चकार शब्द काढला नाही. ते गोव्याच्या फेस्ताचं बोलू लागले. आमच्या भागातून दरवर्षी लोक ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला चालत जुन्या गोव्याला जातात, घाट उतरून. पप्पा दोनदा गेले आहेत. "वाटेत कुणाचा पाय गेला, कुणाला ताप आला, तर त्याला मागच्या टेम्पोत बसवतात," ते म्हणाले. "टेम्पोतनं आलेल्याला देवळात वेगळ्या रांगेत उभं करत नाहीत." वारीतही पालखीचे विसावे ठरलेले असतात, कुणी त्याला वारी मोडली असं म्हणत नाही. पळणाऱ्यांनी हा शब्द का उचलला नाही कोण जाणे. माझ्या वहीत आता 'रेस्ट डे' खोडून 'विसावा' लिहिलंय. आणि भिंतीवर चौगुल्यांच्या खाली 'दातार, १९२०' अशी दुसरी चिठ्ठी आली आहे. त्यापुढं आकडा नाही.

सुट्टीला निपाणीत असले की संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो. मी एक-दोन मिनिटं पळते, ती येईपर्यंत थांबते, पुन्हा पळते. वखारींवरून तंबाखूचा वास येतो तिथं ती पदर नाकाला लावते आणि वेग वाढवते, एरवी नाही. लोहाच्या गोळीनं तिचं पोट बिघडतं म्हणून डॉक्टरांनी तिची गोळी बदलून दिली आहे. गोळीबरोबर लिंबू, आणि मागं-पुढं तासभर चहा नाही. चहाचा नियम तिला सगळ्यात जड जातोय. मी बेळगावात असले की रात्री नऊला फोन करते. "गोळी घेतलीस?" विचारलं की "होय" म्हणते. "आणि चहा?" विचारलं की मागून पप्पांचा हसण्याचा आवाज येतो. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत माझं १०.६ आलं, तिचं ९.३. पुढची तपासणी जानेवारीत आहे. पप्पांची रजा अजून तशीच आहे, त्यांनी ती रद्द केलेली नाही. त्या रविवारी आपण तिघं कुठं जायचं ते मम्मीनं ठरवायचं आहे, आणि ती अजून ठरवते आहे.