एकच लेन्स

दोन दोन लेन्स बाळगण्याचा मला मनस्वी कंटाळा. त्यांतून वाशीम जिल्ह्यांत जावयाचें होतें तें दोन कामांसाठीं: रामनवमीस पोहरादेवीची जत्रा, आणि पाठोपाठ कारंज्याला भाचीचें लग्न. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. आरसे जडविलेल्या ओढण्यांची ती गर्दी आणि तिच्यामागचीं चैत्रांतलीं काळीं, उजाड शिवारें एका दमांत टिपावयाचीं, तर लेन्स बदलण्यास सवड कोठली? उघड्या कॅमेऱ्यांत धूळ शिरते ती निराळीच. म्हणून २४ ते ७० मिलिमीटरची एफ-२.८ लेन्स दुकानांत परत ठेविली आणि २४ ते १०५ ची एफ-४ घेतली. पल्ला अधिक, वजन कमी. “उजेड निम्माच येईल,” दुकानदार म्हणाला. विदर्भांत उन्हाला काय तोटा, असें मीं हंसून उत्तर दिलें.

जत्रेंत तिनें सोनें केलें. लग्न मात्र गोरज मुहूर्तावर. ऐन वेळीं वीज गेली आणि ऐंशी वर्षांची आत्या निरांजन घेऊन भाचीला ओवाळूं लागली. फ्लॅश लावून तो उजेड मारावा असें वाटेना. श्वास रोखून चार चित्रें घेतलीं. लेन्समधील कंपरोधक यंत्रणा माझा हात सांवरी, आत्याचा नव्हे. चारही चित्रांत स्थिर बसलेली भाची स्पष्ट आली, आत्या पुसट.

त्याच पावसाळ्यांत आत्या गेली. त्यांतलेंच एक चित्र भिंतीवर लाविलें आहे. आतां पिशवींत ५० मिलिमीटरची, एफ-१.८ ची एक लहानशी लेन्सही असते.