खाली शिजते, वर भाजते



शाळेच्या पत्रिकेत मुख्याध्यापकांनी स्वयंपाकावर लिहावे का, असा प्रश्न कोणास पडला तर तो रास्तच आहे. या पानावर परीक्षेचे निकाल, शिस्त, वेळेचे महत्त्व असे विषय येतात. या वेळी मात्र विषय आहे घरच्या घरी, एकेका वाटीत भाजलेल्या फळांच्या कॉबलरचा. त्या वाटीतून निघणारी गोष्ट थेट आपल्या मराठीच्या तासापर्यंत येते, म्हणून थोडा धीर धरून वाचावे ही विनंती.

कॉबलर हा शब्द ऐकला की सहावीची मुले हसतात, कारण इंग्रजीच्या तासाला त्यांनी त्याचा अर्थ 'जोडे शिवणारा' असा पाठ केलेला असतो. हा कॉबलर वेगळा. तो अमेरिकेतला गोड पदार्थ आहे. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेटिस ब्रायन यांच्या 'द केंटकी हाउसवाइफ' या पाककृतींच्या पुस्तकात पीच फळांच्या अशा पदार्थाला कॉबलर म्हटलेले आढळते. इंग्लंडहून तिकडे जाऊन वसलेल्या लोकांजवळ मायदेशातल्यासारखी भट्टी नव्हती की भांडी नव्हती. त्यांनी बिडाच्या जाड भांड्यात फळे घातली, वर पिठाचे गोळे टाकले, झाकण लावले आणि झाकणावरही निखारे ठेवले. वरचे गोळे फुगून एकमेकांना टेकले की गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात. नावही त्यावरूनच पडले असावे असे पुष्कळांचे मत आहे. खाली आच आणि झाकणावर निखारे ही युक्ती हैदराबादच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या शहरात बिर्याणीला दम असाच देतात.

आणि फळ शिजवून गोड करणेही आपल्याकडे नवे नाही. लग्नाच्या जेवणात 'खुबानी का मीठा' नसला तर हैदराबादी पाहुणा नाराज होतो. मराठीत या फळाला जर्दाळू म्हणतात. हा शब्द फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ 'पिवळा आलू', म्हणजे आलुबुखाऱ्यासारखे पिवळे फळ. आपण राहतो त्या काचीगुड्याचे नावही भाजीपाला व फळे पिकवणाऱ्या काछी समाजाच्या वस्तीवरून पडले असे सांगितले जाते. तेव्हा फळांवर लिहायला याहून योग्य पत्ता कोणता?

आता कृती. सहा वाट्यांसाठी पाव किलो सुकी खुबानी रात्री तीन कप पाण्यात भिजत घालावी. सकाळी बिया काढून फळ त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावे. चार चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. रस चमच्याला धरू लागला की उतरवावे. बिया फोडून आतला गर वर घालण्याची हैदराबादी रीत आहे. गर चाखून पाहावा, कडू लागला तर टाकून द्यावा. मे महिन्यात खुबानीऐवजी बेनिशान आंब्याच्या फोडी घ्याव्यात, तेव्हा साखर निम्मी पुरते. दिवाळीनंतर सफरचंद किंवा पेरू चालतो. सीताफळ मात्र यात घालू नये. तापवले की त्याची चव बिघडते; म्हणूनच सीताफळाच्या बासुंदीतही गर दूध गार झाल्यावर घालतात.

वरच्या थरासाठी एक कप मैदा किंवा निम्मा मैदा व निम्मी कणीक, दोन चमचे साखर, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र करावे. त्यात पन्नास ग्रॅम गार, घट्ट लोणी घालून बोटांच्या टोकांनी चोळावे. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसेच. मुठीत दाबल्यावर मुटका वळला की पुरे. मग पाव कपाच्या थोडे वर गार दूध घालून चमच्याने कालवावे. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: कालवावे, मळू नये. मळले की पीठ चिवट होते. पोळीला ते हवे असते, याला नको. लोण्याचे बारीक कण भाजताना वितळतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. ओलावा आणि उष्णता मिळाली की बेकिंग पावडरमधून वायू सुटतो आणि पीठ फुगते. सातवीच्या मुलांनी विज्ञानाच्या सरांना हे अवश्य विचारावे.

स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या, आच सोसणाऱ्या वाट्यांत फळ अर्ध्यापर्यंत भरावे. फळ गरमच असावे. गार फळावर पीठ टाकले तर वरचा थर खालून चिकट राहतो. प्रत्येक वाटीत दोन-दोन चमचे पीठ वर सोडावे, सपाट करू नये. ओव्हन १८० अंशांवर आधीच तापवून पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसला तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावे आणि वाट्या आत ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटे ठेवावे. रंग थोडा फिका येतो, चवीत उणे नसते. वाट्या बाहेर काढण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे, आणि दहा मिनिटे थांबून मगच खावे. आतला रस जिभेला फार भाजतो.

एकच मोठे भांडे न भाजता वाट्या कशासाठी, असे विचाराल. वाट्यांचे दोन फायदे उघड आहेत. आजोबांना साखर चालत नाही, त्यांची वाटी वेगळी करता येते. आणि अंडे नसल्याने बहुतेक घरांत अडचण येत नाही. पण आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा फायदा. मोठे भांडे असले की एकजण करतो आणि पाचजण बघतात. वाटी ज्याची त्याची असली की प्रत्येकाला हात घालावा लागतो.

गेल्या दोन वर्षांत रविवारी दुपारी आमच्या घरी नात्यातली व शेजारची चार-सहा मुले जमतात आणि हा उद्योग चालतो. आपली वाटी ओळखता यावी म्हणून थोड्या पिठात मैदा घालून ते घट्ट करतात, त्याची बारीक वळी करून आपल्या नावाचे पहिले अक्षर वर ठेवतात. एकीचे नाव 'ज्ञ'ने सुरू होते. तिची वळी दर वेळी तुटते, पण 'ग' ठेवून भागवायला ती तयार नाही.

या मुलांशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. भाताला, फळाला, वाटीतल्या पिठाला, सगळ्याला त्यांचा एकच शब्द: 'पक गया'. हिंदीत हे चूक नाही. हिंदीत फळही पकते आणि भातही पकतो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पदवीही हिंदीतूनच मिळाली. त्या भाषेचे ऋण आम्ही कधी विसरणार नाही. पण मराठीत फळ पिकते, भात शिजतो आणि भाकरी भाजते. कॉबलरच्या एका वाटीत या तिन्ही क्रिया आहेत. पिकलेले फळ खाली शिजते, वरचे पीठ भाजते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. एका रविवारी एका मुलाची वाटी वरून खरपूस झाली, पण चमचा घातल्यावर आतले पीठ ओले निघाले. तो म्हणाला, "पका भी है, नहीं भी पका." आम्ही त्याला म्हटले, मराठीत सांग. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "वर भाजलंय, पण आत कच्चंच राहिलंय." आणि लगेच पुढे, "म्हणजे आच जास्त झाली, नाही का?" नेमका शब्द सापडला आणि नेमके कारणही सापडले. पुढच्या रविवारी त्याने आपली वाटी खालच्या जाळीवर ठेवली.

आम्हांला स्वतःला मराठी वाचायला-लिहायला शाळेने शिकवली नाही. ती आली आईच्या ओट्यावरून. दिवाळीच्या आधी आई नानकटाईचे पीठ फेसून, गोळे वळून पत्र्याच्या ताटात लावून देई आणि आम्ही ते ताट बेकरीत पोहोचवत असू. भट्टीसमोर दहा घरांची ताटे रांगेत असत. घरी येताना दादाशी दख्खनी, ताट दिल्यावर आईशी मराठी. फेसणे, चोळणे, तिंबणे, कालवणे, परतणे, मुरवणे हे शब्द आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचण्याआधी हातांनी शिकलो. पुढे मराठी पुस्तके वाचू लागलो तेव्हा अनोळखी गावात चार ओळखीचे चेहरे भेटावेत तसे ते भेटले, आणि त्यांच्या आधाराने बाकीचे गाव पाहता आले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेली काही वर्षे पालकसभेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मुलांना इंग्रजी हवे, हिंदी हवी, आणि २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू शिकणे सक्तीचे झाले. ते योग्यच आहे; ज्या मातीत राहतो तिची भाषा यायलाच हवी. मग मराठीचा तास कशासाठी? तो गणिताला का देऊ नये? विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हा विषय निघाला आहे. प्रश्न विचारणारे मराठीचे शत्रू नाहीत, आपलीच माणसे आहेत. दप्तराचे ओझे त्यांना दिसते आणि आम्हांलाही दिसते.

आपले वाडवडील नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीडकडून येथे आले तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. मनमाडपर्यंतची रेल्वे १९०० मध्ये झाली होती. काचीगुड्याचे स्टेशन १९१६ चे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. तेव्हापासून येथे मराठी टिकली ती कोणत्याही सरकारी सक्तीने नव्हे. ती घरात बोलली गेली आणि शाळेत लिहिली गेली, म्हणून टिकली. आज अनेक घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. त्याला सगळे कळते, पण तो बोलत नाही. आणखी एका पिढीनंतर कळणेही बंद होईल. ही भीती आम्ही वाढवून सांगत नाही. आपापल्या घरातले रात्रीचे जेवण आठवून पाहावे.

वाटीभर कॉबलरने भाषा वाचेल असे आमचे म्हणणे नाही. पण मूल भाषा बोलते ते तिची गरज पडली तरच, आणि गरज कामात पडते. निबंधाच्या वहीत 'माझा आवडता ऋतू' लिहिताना जो शब्द आठवत नाही, तो हात पिठात असताना विचारावाच लागतो. पदार्थ अमेरिकेचा असला तरी हरकत नाही. बिस्किट, पाव, केक आपण असेच घरात घेतले. परक्या पदार्थाला आपली क्रियापदे लागली की तो आपल्या घरचा होतो.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की मराठीचा तास कमी करू नये. उलट पाचवी ते सातवीच्या मुलांना महिन्यातून एका शनिवारी त्यातलाच एक तास हाताच्या कामासाठी वापरू द्यावा. महागडे ओव्हन नकोत, दोन जाड पातेली आणि एक शेगडी पुरते. पालकांना विनंती की रविवारी अर्धा तास मुलाला, आणि मुलीइतकेच मुलालाही, ओट्याशी उभे करावे. त्या अर्ध्या तासात मराठीच बोलावे. मूल चुकले तर हसू नये, फक्त बरोबर शब्द आपण वापरावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी काम असे. आपल्या वाटीची कृती दहा वाक्यांत स्वतः लिहून आणा. प्रत्येक वाक्यात वेगळे क्रियापद हवे, आणि 'करणे' हे एकदाच चालेल. शब्द अडला तर आजीला किंवा आजोबांना विचारा, फोनवर विचारलेत तरी चालेल. निवडक लेखन पत्रिकेच्या पुढील अंकात छापू. वाटी मात्र घरीच संपवा. आमच्या वैद्यांनी आम्हांला साखर मोजून सांगितली आहे.