मागची बाजू

आमच्या घरमालक काकांचा रेडिओ रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागायचा. आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या. सदाशिव पेठेतला जुना वाडा, मधे नुसती प्लायवूडची भिंत, त्यामुळे आम्हाला वेगळा रेडिओ घ्यायची गरज कधी पडलीच नाही. मी कॉटवर पडल्या पडल्या वहीत टिपत राहायचे, आणि पलीकडच्या कॉटवरून पार्टनर चादरीतूनच ओरडायची, "हळू लिही गं, पेन वाजतंय."

२०१९ सालच्या शेवटच्या दिवशी मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. मी 'नियुक्त्या' या पानावर लिहिलं: अठ्ठाविसावे, बिपिन रावत यांच्यानंतर. एक तारखेला भाडं द्यायला गेले तर काका पैसे न मोजताच बोलायला लागले. "नरवण्यांचं वाचलंस ना? अगं, त्यांच्या आई याच रेडिओवर बातम्या द्यायच्या. सुधा नरवणे. त्यांचा आवाज ऐकतच आमची अख्खी पिढी कामाला लागायची." मला फार गंमत वाटली. खोलीत येऊन मी त्या नोंदीपुढे कंसात लिहिलं, 'आई आकाशवाणी पुणे'. पार्टनरनं वही ओढून घेतली, वाचली आणि त्यावर आडवी रेघ मारली. "हे नाही विचारत."

तिचं बरोबर होतं. परीक्षेत काय विचारतात आणि काय नाही, याचा तिला वास यायचा.

मी बार्शी तालुक्यातली. वडिलांची पिठाची गिरणी. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात आले, तेव्हा पेरूगेटपासून नवी पेठेपर्यंतच्या गल्ल्यांत एवढे बोर्ड बघून बावचळले होते: अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, पुन्हा अभ्यासिका. पत्रकार भवनही नवी पेठेतच आहे. बातम्या आणणारे आणि बातम्या पाठ करणारे एकाच चौकात चहा पितात, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचे शंभर प्रश्न, दोनशे गुणांचे. अभ्यासक्रमाच्या यादीत पहिलंच कलम चालू घडामोडींचं: राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. प्रश्न साधारण पंधराच्या आसपास येतात. पंधरा प्रश्नांसाठी रोज अडीच-तीन तास, हा हिशेब कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. पण राज्यघटना, भूगोल, इतिहास सगळ्यांचाच झालेला असतो, मेरिट चालू घडामोडींवर ठरतं, असं प्रत्येक सीनियर चहाच्या टपरीवर सांगायचा. तो स्वतः चौथ्या अटेम्प्टला असायचा, हा भाग वेगळा.

आमची पद्धत अशी होती. एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर, दोघींत मिळून. महिन्याला 'लोकराज्य', 'योजना'. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एखादं मासिक. टेलिग्रामवर रोज येणाऱ्या पीडीएफ तर न उघडताच साठत जायच्या. आणि कात्रणं. कात्रणांवरून आमची भांडणं व्हायची, कारण पेपरवाल्यांना परीक्षार्थींची काडीची पर्वा नसते. एका बाजूला रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असलं की नेमकं त्याच्या पाठीला कुठल्या तरी समितीचा अहवाल. एकदा मी 'चांद्रयान'वरचा चौकोन कापला आणि मागच्या बाजूचा राज्यपालांच्या अधिकारांवरचा लेख अर्धा उडाला. तेव्हापासून पार्टनरचा नियमच झाला: "कात्री लावायच्या आधी मागची बाजू बघ." मी पेपर हातात घेतला की ती मान वर न करता हे म्हणायची, देवाचं नाव घ्यावं तसं.

बातमी वाचायची आमची नजर या काळात हळूहळू बदलली. लोक बातमीत काय झालं ते बघतात, आम्ही तिचे चार पर्याय बघायचो. कुठे पूर आला तर नदी कोणती, तिची उपनदी कोणती. कुणी मोठा माणूस गेला तर पद्मभूषण की पद्मविभूषण. २३ नोव्हेंबर २०१९ ला भल्या पहाटे राजभवनावर शपथविधी झाला. सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर तोंडात बोट घालून बसला होता, तेव्हा आमच्या अभ्यासिकेत चर्चा काय, तर राष्ट्रपती राजवट १२ नोव्हेंबरला लागली होती, म्हणजे ती किती दिवस टिकली. कलम ३५६ कुणाच्या सहीनं लागतं हे आम्हाला पाठ होतं. सकाळी उठून कुणाला राग आला, कुणाला हसू आलं, हे विचारायचं सुचलंच नाही.

या विषयाची खरी गोम मला केंद्रशासित प्रदेशांनी शिकवली. शाळेत आपण सात पाठ केलेले. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर आणि लडाख वेगळे झाले, राज्यं एकोणतीसची अठ्ठावीस आणि केंद्रशासित प्रदेश नऊ झाले. मी वहीत नऊ लिहिलं, लाल पेनानं, दोनदा गिरवून. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आले. आठ. तीन महिन्यांत सात, नऊ, आठ. पुढच्याच आठवड्यात एका क्लासच्या सराव चाचणीत मी नऊ लिहून आले, आणि त्यांच्या उत्तरतालिकेतही नऊच होतं. मला गुण मिळाला. पार्टनरनं आठ लिहिलं होतं, तिचा कापला गेला. ती तिथे जाऊन भांडली. "छापून झालंय, मॅडम," असं उत्तर मिळालं. त्या फुकटच्या गुणाची मला कितीतरी दिवस लाज वाटत होती.

आमची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होती. मार्चमध्ये करोना आला. अभ्यासिका बंद झाल्या, मेस बंद झाल्या, आणि पेठेतली पोरं मिळेल त्या एसटीनं गावाकडे निघाली. आम्ही दोघी स्वारगेटपर्यंत बरोबर गेलो. तिला हिंगोलीकडे जायचं होतं, मला बार्शीला. वह्या तिच्याकडे, कात्रणांची फाइल माझ्याकडे, अशी वाटणी झाली. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता.

परीक्षा आधी २६ एप्रिलवर गेली. मग १३ सप्टेंबर. त्या दिवशी 'नीट' होती म्हणून २० सप्टेंबर. मग ११ ऑक्टोबर. तेव्हा मराठा आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे पेटलेला होता, तीही तारीख गेली. मग थेट १४ मार्च २०२१.

बाकीच्या विषयांना तारखेचं सोयरसुतक नसतं. सह्याद्री तिथेच राहतो, १८५७ चा उठाव १८५७ मध्येच होतो. चालू घडामोडींचं तसं नाही. परीक्षेच्या आधीचं साधारण वर्षभर, एवढीच त्यांची मुदत. परीक्षा महिनाभर पुढे गेली की मागचा एक महिना गळतो आणि पुढचा एक नव्यानं येऊन बसतो. मी २०१९ मध्ये जे जे रात्री जागून पाठ केलं होतं, ते गिरणीच्या ओट्यावर बसल्या बसल्या डोळ्यांदेखत शिळं झालं. वर नवीन तरी कुठे धड टिकत होतं? १३ मे २०२० ला अर्थमंत्र्यांनी सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांची नवी व्याख्या सांगितली: मध्यम उद्योग म्हणजे वीस कोटींपर्यंत गुंतवणूक, शंभर कोटींपर्यंत उलाढाल. मी पाठ केलं. १ जूनला मंत्रिमंडळानं तेच पन्नास आणि अडीचशे कोटी केलं. २९ जुलैला नवं शैक्षणिक धोरण मंजूर झालं आणि मनुष्यबळ विकास मंत्रालयाचं नाव पुन्हा शिक्षण मंत्रालय. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं 'पहिलं आणि एकमेव' रामसर स्थळ, असं माझ्या डोक्यात जानेवारीपासून होतं. नोव्हेंबरमध्ये लोणार आलं आणि 'एकमेव' खोडावं लागलं. याच लोणारचं पाणी जूनमध्ये गुलाबी झालं होतं. तेही टिपलेलं होतं, पर्यावरणाच्या पानावर.

डिसेंबरच्या सुरुवातीला वडील गिरणीवरून धावत घरी आले. अंगभर पीठ. "अगं, आपल्या परितेवाडीच्या गुरुजींना जगातलं बक्षीस मिळालं! सात कोटी!" रणजितसिंह डिसले. परितेवाडी माढा तालुक्यात, पण डिसले गुरुजी आमच्या बार्शीचे, त्यामुळे गावात जो तो ते आपले पाहुणे असल्यासारखा बोलत होता. माझी नोंद तोवर झालीही होती: ग्लोबल टीचर पुरस्कार, वार्की फाउंडेशन, दहा लाख डॉलर, निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड. वडिलांना मी ते सगळं एका दमात म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तो कोड म्हणजे पोरांना नेमकं काय होतं?" मी म्हटलं, मोबाइल धरला की धडा दिसतो. "आणि ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याचं?" मला येईना. त्यांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि परत गिरणीवर गेले. तिथे गव्हाचं गिऱ्हाईक थांबलं होतं.

जानेवारीत मी पुण्याला परतले. पार्टनर आली नाही. तिच्या घरी आता बास असं ठरलं होतं. तिला तिकडेच एका पतसंस्थेत काम मिळालं. वह्या तिनं कुरिअरनं पाठवल्या, पहिल्या पानावर कोपऱ्यात लिहून: 'यातलं निम्मं आता चालत नाही. बघून घे.' तिची कॉट रिकामी राहिली आणि खोलीचं भाडं माझ्या एकटीच्या अंगावर आलं.

८ मार्चला राज्याचा अर्थसंकल्प आला, परीक्षेला सहा दिवस असताना. स्त्रीच्या नावावर घर नोंदवलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, राजमाता जिजाऊ गृहस्वामिनी योजना. पेठेतल्या हजारो मुली कॉट बेसिसवर राहून ही योजना पाठ करत होत्या. मला एकटीलाच हसू आलं, आणि ते कुणाला सांगावं तर पलीकडची कॉट रिकामी.

११ मार्चला महाशिवरात्र होती. मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी होती. दुपारी अभ्यासिकेत एकाचा फोन थरथरला, मग दुसऱ्याचा, मग एकदम सगळ्यांचे. परीक्षा पुन्हा पुढे. हॉल तिकिटं हातात होती. कुणी ओरडलं नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, बस्स. आम्ही जिने उतरलो तर शेजारच्या जिन्यांवरूनही पोरं उतरत होती. शास्त्री रस्त्यावर आलो आणि तिथेच बसलो. आधी शेदोनशे असतील, अंधार पडेपर्यंत टोक दिसेना. मास्क लावलेले, पाठीवर सॅक, बऱ्याच जणांच्या हातात अजून पाण्याची बाटली आणि हायलायटर. माझ्या शेजारचा मुलगा घोषणा देता देता मधेच थांबून मांडीवरच्या आर्थिक पाहणीचं पान उलटत होता. पुढारी आले, कॅमेरे आले. वीस वर्षांचा एक पत्रकार खाली वाकून मला विचारत होता, "तुमच्या मागण्या काय?" आणि माझ्या डोक्यात काय चाललेलं, तर याचा प्रश्न झाला तर 'अ' आणि 'ब' विधानं कोणती असतील.

वडिलांचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "त्या गर्दीत तू आहेस का?"

"आहे."

"पाणी पी."

रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आठवडाभरात परीक्षा घेऊ असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तारीख आली, रविवार २१ मार्च. पेपर त्या दिवशी झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, मी कट ऑफच्या खाली राहिले.

पण १२ तारखेची सकाळ सांगायची राहिली. घसा पार बसला होता. काकांच्या रेडिओवर सातच्या बातम्यांत आम्ही होतो. काकांनी आवाज मोठा केला, बहुतेक मला नीट ऐकू यावं म्हणून. मी पेपर आणायला खाली गेले. पानभर फोटो, शास्त्री रस्ता, दिव्याखाली डोकीच डोकी. मी स्वतःला शोधत बसले. डाव्या कोपऱ्यात एक हिरवी सॅक होती, ती माझी असावी. सवयीनं कात्री घेतली, चौकोन कापला, फाइल काढली. नियुक्त्या, पुरस्कार, योजना, अहवाल, निधन. हे कुठल्या पानावर लावायचं ते कळेना. शेवटी फोनवर त्याचा फोटो काढला आणि पार्टनरला पाठवला.

तिचं लगेच उत्तर आलं. "मागे काय आहे?"

मी बघितलंच नव्हतं. कात्रण उलटं केलं. मागे छोट्या जाहिराती होत्या: जुनं फर्निचर, वधूवर, आणि नवी पेठेत मुलींसाठी एक कॉट, शांत जागा, अभ्यासिका जवळ. मी त्याही बाजूचा फोटो काढून तिला पाठवला.